थंड पडलेल्या इनक्युबेटरची कबुली

मित्रांनो, मी निजामपुऱ्यातल्या एका छोट्या लॅबमधला जुना इनक्युबेटर आहे. माणसाच्या अंगाइतकी ऊब धरून ठेवायची, एवढंच माझं काम. जखमेतला पू काचेच्या बशीत पसरून माझ्या पोटात ठेवतात. त्या उबेत जंतू वाढतात. मग त्यांच्यावर निरनिराळ्या औषधांच्या चकत्या ठेवतात. ज्या चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, ते औषध रुग्णाला लागू पडणार, असं समजतं. पुष्कळ वर्षं मी हे काम चोख केलं. आमच्या रिपोर्टवर डॉक्टर निर्धास्त औषध लिहीत.

पुढे माझ्या दाराचं रबर फाटलं. आतला तापमापक फुटला, तो बदलायचा राहून गेला. बाहेरच्या आकड्यांत सदतीस अंश दिसत, आत मात्र मी गार पडत होतो. लॅब सांभाळणाऱ्या धम्मदिनाताई कामाच्या रगाड्यात त्या आकड्यांवरच विसंबल्या.

अशात गणेशपुरीजवळच्या पाड्यावरचा जान्या आला. भात कापताना पायाला विळा लागून जखम चिघळली होती. माझ्या गारव्यात त्याच्या पुवातले जंतू वाढलेच नाहीत. रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं, जंतू आढळले नाहीत. डॉक्टरांनी आधीपासून चालू असलेलं औषधही थांबवलं. आठवड्याभरात त्याच्या पायाची दोन बोटं कापावी लागली.

त्याची बायको चंद्रा रिपोर्ट घेऊन लॅबमध्ये आली. आवाज न चढवता तिने विचारलं, "बाई, ह्या कागदात कायच न्हाय. मंग त्याचा पाय सडला कशानं?"

ताईंनी दुसरा तापमापक आणून माझ्यात ठेवला. तासाभराने तो पाहिला, तर पारा सदतीसच्या बराच खाली होता. त्या गप्प राहिल्या असत्या, तर कुणाला कळलंही नसतं. मलाही तेच हवं होतं, याची आज लाज वाटते.

"मशीन गार होतं, चंद्राताई. मी बघायला पाहिजे होतं. चूक आमची आहे," त्या म्हणाल्या.

ताई तिच्यासोबत दवाखान्यात गेल्या, ताजा नमुना घेऊन दुसऱ्या लॅबमध्ये दिला. तिथे कळलं, आधीचं औषध त्या जंतूंवर चालतच नव्हतं. चालणारं सापडलं आणि बाकीचा पाय वाचला.

आता माझं रबर नवं आहे. ताई सकाळ-संध्याकाळ आतलं तापमान पाहून वहीत लिहितात. तरी कुणी माझं कौतुक केलं की मला तोंड लपवावंसं वाटतं. जान्या हल्ली शेताच्या चिखलात काठी टेकत उतरतो.

मित्रांनो, तपासणी करूनच औषध घ्या. पण आम्हा तपासणाऱ्यांनाही वरचेवर तपासत जा. आम्ही बिघडलो, तर ते आम्हाला सांगता येत नाही.