वहिनीचा हरभरा

पिकांचे रोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत धाकटीचं निम्मं आयुष्य गेलं होतं. हरभऱ्यावरचा तांबेरा तिने पाहिला होता तो दूरच्या मुलखातून आलेल्या नमुन्यांवर. "आपल्याकडे तो फिरकत नाही," असं ती छातीठोकपणे सांगायची. म्हणून दादाने शेतातून आणलेली डहाळी टेबलावर ठेवली आणि पानामागची विटकरी पूड तिच्या बोटाला लागली, तेव्हा तिचा विश्वास बसेना. तिने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"धूळच आहे ना गं?" दादाने विचारलं.

"तांबेरा आहे, दादा."

दादाने डहाळी पुन्हा हातात घेतली. हा हरभरा वहिनीचा होता. वर्षानुवर्षं एकेक झाड निवडून तिने हे वाण जपलं होतं. "सून बघायला आल्यासारखी बघतेस झाडाकडे," असं दादा तिला चिडवायचा. गेल्या हंगामानंतर ती गेली. अंथरुणावरून तिने एकच सांगितलं होतं, बी सगळं पेरा, वाढवा आणि आजूबाजूला वाटा. दादाने एक दाणाही मागे ठेवला नव्हता.

धाकटी त्याच्याबरोबर शेतावर गेली. खालची पानं गळून गेली होती. घाटे धरले होते, पण आत दाणा नव्हता. दादा एकामागून एक घाटा फोडत राहिला.

"औषध मारू. तू सांगशील ते."

"उशीर झालाय. आता दाणा नाही भरायचा. आणि ही पूड वाऱ्याने शेजारच्या शेतांकडे उडतेय, त्यांचं पीक आत्ता कुठे फुलात आलंय."

"नांगरून मोडायचं म्हणतेस."

"हो."

"हे सांगायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचंस गं."

तिने त्याच्या हातातला घाटा काढून घेतला. म्हणाली, "ट्रॅक्टरवर कुणाला बोलावू का?"

"नको. पेरलं मीच होतं."

अर्धं रान मोडून झाल्यावर ट्रॅक्टर थांबला. धाकटी ढेकळं तुडवत धावली. दादा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता.

"तिचा आवाज विसरत चाललोय मी," तो म्हणाला. "इथे आलो की आठवायचा."

ती वर चढून त्याच्या शेजारी टेकली. त्याने डोळे पुसले आणि गिअर टाकला.

शेजाऱ्यांनी वेळेवर फवारणी केली, त्यांची पिकं बरीचशी हाती लागली. वहिनीचं वाण मात्र कायमचं गेलं. पुढच्या हंगामात दादाने ते रान पडीकच ठेवलं. का, ते धाकटीने विचारलं नाही.