दहापर्यंत

“पाना खाली ठेव, नाहीतर आधी माझ्या डोक्यात घाल!” आई दारात आडवी उभी राहून ओरडली. “जावई सुधारलाय. सर स्वतः म्हणाले. बिघडलायस तो तू!”

“सुधारलाय? मग ताईचा खांदा काय वाऱ्यानं निखळला?”

“पडली ती. तिनंच सांगितलं.”

ताई भिंतीकडे तोंड करून बसलेली. हात गळ्यात बांधलेला. मी पाना भिंतीवर फेकला, वीतभर पोपडा उडाला. आईनं माझ्या कानाखाली काढली. मी हात उचलला नाही, कारण ती आई आहे. दुसरं कुणी असतं तर बघितलं असतं.

ही रविवार सकाळची गोष्ट. अकरा वाजता सरांच्या हॉलवर बैठक होती, आणि बैठक झाली की दाजी ताईला परत नेणार होता. आईनं तसा शब्द दिला होता.

सर म्हणजे लाइफ कोच. फर्निचरच्या दुकानावर त्याचा हॉल आहे. नाती सुधारून देतो, राग घालवून देतो. मी त्याला फुगा म्हणतो, कारण सारखं आपलं श्वास आत, श्वास बाहेर. दाजी चार महिने त्याच्याकडे जातोय. फुग्यानं त्याला शिकवलं, राग आला की दहापर्यंत मोजायचं. मनात नाही, मोठ्यानं. म्हणजे समोरच्याला कळतं की हा माणूस आपल्यासाठी थांबलाय.

शिकवलं ते बरोबरच असेल. दहा झाल्यावर काय करायचं ते सांगायचं राहिलं.

गुरुवारी मी त्यांची स्कूटर दुरुस्त करून किल्ली द्यायला गेलो. बेल वाजवणार तेवढ्यात आतून दाजीचा आवाज आला. एकदम शांत, बालवाडीत शिकवल्यासारखा. “सहा... सात...” मला वाटलं, व्यायाम करतोय. “दहा.” मग धप्पकन काहीतरी पडलं. मग तोच शांत आवाज: “बघ, आज मी रागात मारलं नाही. विचार करून मारलं.”

मी दाराला लाथा घातल्या. तिसऱ्या लाथेला कडी तुटली. हेल्मेट हातातच होतं, तेच त्याच्या तोंडावर हाणलं, दोनदा. त्यानं माझी बोटं चौकटीत धरली आणि दार ओढून घेतलं. दोन नखं काळी पडलीत, अजून ठणकतात. तशाच हातानं ताईला स्कूटरवर बसवलं आणि घरी आणलं.

घरी कुणी विश्वास ठेवेल तर शपथ. आई म्हणाली, “सोळा वर्षांत तू कुणाला मारलं नाहीस तेवढं सांग.” तेही खरंच. शाळा सोडली तीच मुख्याध्यापकाच्या टेबलाची काच फोडून. आणि ताई म्हणत राहिली, “पडले मी.” तिला परत तिथंच जायचं होतं ना. खरं बोलून गेली असती तर हिशोब तिलाच चुकवावा लागला असता.

तर बैठक. पंधरा-वीस माणसं, गोल मांडलेल्या घडीच्या खुर्च्या. दाजीच्या ओठाला टाका होता, तरी हसत होता. फुगा म्हणाला, “या गृहस्थांनी स्वतःला ओळखलं. मेव्हण्यानं हात उचलला तरी पोलिसात गेले नाहीत!” टाळ्या. आईनं तर डोळे पुसले.

“आता मेव्हणेबुवा,” फुगा माझ्याकडे वळला. “तुमच्या मनात राग आहे. आपण सगळ्यांसमोर सोडून देऊ. मोजता?”

मी त्याला मारायलाच उठलो होतो खरं तर. मग ताईकडे बघितलं आणि म्हटलं, “मोजतो की.”

मी दाजीचाच आवाज काढला. शांत. “एक... दोन...”

तीनला ताईची मान खाली गेली.

“चार... पाच...”

सहाला तिनं चष्मा काढला. एका हातानं घडी घातली आणि खुर्चीखाली ठेवला, जपून, कुणाचा पाय पडणार नाही असा. आधीचे दोन फुटले होते.

“सात... आठ...”

ताईनं चांगला हात डोक्यावर घेतला आणि सगळं अंग खुर्चीत लपवलं.

“नऊ.”

दहा मी म्हटलंच नाही. माझ्याच्यानं म्हणवेना.

“नाटकी आहे ही!” दाजी ओरडला आणि माझ्यावर आला. त्यानं एकही आकडा मोजला नाही. घडीची खुर्ची उचलून सरळ माझ्या तोंडावर. नाकातून कट्ट असा आवाज आला. मी पडता पडता त्याचा पाय धरला, तोही आडवा. तो माझ्या छातीवर बसला आणि गळा दाबायला लागला. फुगा कोपऱ्यातून ओरडत होता, “श्वास घ्या! दोघंही श्वास घ्या!” अरे, नाक फुटलंय, गळा आवळलाय, घेऊ कुठून?

तेवढ्यात आई आली. तिच्याकडे पाण्याची स्टीलची बाटली होती, काठोकाठ भरलेली. तिनं ती दोन्ही हातांनी दाजीच्या कानावर घातली. मग परत. मग परत. मोजलं-बिजलं नाही. लोकांनी तिला ओढलं तेव्हा बाटली चेपली होती आणि दाजीचा कान लोंबत होता.

“पडली म्हणे,” आई धापा टाकत म्हणाली. कुणाला म्हणाली कळलं नाही. मग खाली वाकली, चष्मा उचलला, पदरानं पुसून ताईला घातला.

दाजीला टाके घालायला नेलंय. तेवढ्या वेळात आम्ही तिघं त्याच्या घरी आलोय, ताईचं सामान काढायला. नाकात कापूस कोंबून हे मी फुग्यानं दाजीला दिलेल्या वहीत लिहितोय, ‘आज मी स्वतःबद्दल काय शिकलो’ या पानावर. वही टेबलावरच ठेवणार आहे. वाचू दे त्याला.

ताईचं कपाट रिकामं झालं. शिलाई मशीन तेवढं राहिलंय, ते आईला उचलत नाही. खाली रिक्षावाला बोंबलतोय. जिन्यात कुणाचे तरी पाय वाजतायत, जड. मशीन सोडवायला आणलेला पाना कुठं ठेवला मी? निघायला हवं, निघतो.