पोहोचल्याची नोंद

गाडी रुग्णाच्या दारात थांबली की चालकाशेजारचं बटण दाबायचं, म्हणजे नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर 'पोहोचली' अशी नोंद होते. नियम असा होता. प्रत्यक्षात त्या शहरातल्या एकूण एक रुग्णवाहिकेत ते बटण दोन-तीन चौक आधीच दाबलं जाई. फोन आल्यापासून बारा मिनिटांच्या वर वेळ गेला की विभागाचे साहेब सगळ्यांसमोर बिनपाण्याने हजामत करत. निम्मी माणसं काम सोडून गेली होती, निम्म्या गाड्या माणसांवाचून उभ्या होत्या, आणि उरलेल्यांनी बारा मिनिटांत पोहोचायचं कसं, हे साहेबांनी कधी सांगितलं नाही. त्यांना आकडा हवा होता, तो मिळत होता.

गाडीवरच्या परिचारिकेला सगळे ताई म्हणत. त्या सकाळी सलग दुसऱ्या पाळीवर ती डोळे ताणून बसली होती. एका शिंप्याच्या आईच्या छातीत कळ आली होती. अकरा मिनिटं झाली तसं चालककाकांनी घड्याळाकडे बोट केलं आणि शेकडो वेळा दाबलं तसंच तिने बटण दाबलं. पुढच्याच वळणावर रस्ता खोदून ठेवलेला निघाला. वळसा घालण्यात आणखी नऊ मिनिटं गेली.

नेमकी तेव्हाच शिंप्याच्या घरापासून दोन गल्ल्यांवर दुसरी गाडी मोकळी झाली होती. नियंत्रण कक्षात ताईची नणंदच बसली होती. ती मोकळी गाडी नणंद शिंप्याकडे पाठवणारच होती, पण पडद्यावर 'पोहोचली' दिसलं आणि तिने ती भलतीकडे पाठवली. ताई दारात उतरली तेव्हा शिंपी घामाघूम होऊन आईची छाती दाबत होता. ताईनेही पाऊण तास दाबली. काही उपयोग झाला नाही.

शिंप्याने तक्रार केली. चार दिवसांनी साहेबांनी ताईपुढे टाइप केलेला जबाब सरकवला. मुलाने पत्ता चुकीचा सांगितला, असं त्यात होतं.

"सही करा. तुमची नोकरी राहील, नणंदेचीही राहील," साहेब म्हणाले. "त्याची आई तर गेलीच आहे. त्याचं आता काय जाणार?"

या माणसाला लाज कशी वाटत नाही, असं तिच्या मनात आलं. मग आपली तरी कुठे शिल्लक आहे, हेही आलं. तिने एक दिवस मागून घेतला.

घरी नणंदेने ताट बाजूला सारलं.

"मी पडद्यावर दिसलं ते खरं मानलं, वहिनी. तू मला खोटं दाखवलंस. आता निदान सही करून मला तरी वाचव."

रात्रभर दोघी एका घरात पाठ फिरवून होत्या.

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या बाकावर शिंपी बसला होता. पत्ता त्यानेच चुकीचा सांगितला, असं साहेबांनी त्याला तोंडी ऐकवून झालं होतं. फोनवर सांगितलेला पत्ता त्याने जसाच्या तसा कागदावर लिहून आणला होता.

"यात चूक कुठं झाली, तेवढं दाखवा," तो म्हणाला. "बायको म्हणते, घाबरलास की तुझी जीभ अडखळते. रात्री झोप लागत नाही हो."

ताईने कागद वाचला. गल्ली, मजला, जिन्याखालचं दुकान, सगळं बरोबर होतं. एक सही केली असती तर हा माणूस मरेपर्यंत आपणच आईला मारलं म्हणून झुरत बसला असता. तिला स्वतःची किळस आली.

"तुमची काही चूक नाही," ती म्हणाली, आणि बटणाचं सगळं उभ्याउभ्या सांगून टाकलं.

तो ओरडला नाही. तिच्याकडे बघण्याचंही त्याने टाळलं.

"आजवर असं किती वेळा केलंत?"

"रोजच."

"आणि कितीजणांना येऊन सांगितलंत?"

"तुम्हीच पहिले."

तो उठला आणि साहेबांच्या खोलीचं दार स्वतःच ढकलून ताईला म्हणाला, "जबाब माझ्यासमोर लिहा. तुमच्या शब्दावर मी बाहेर थांबणार नाही."

साहेब नोकरीची आठवण करून देत राहिले. ताईने कोरा कागद ओढला आणि पहिल्याच ओळीत लिहिलं, गाडी दारात नव्हती तेव्हा बटण मी दाबलं. शिंप्याने ती ओळ दोनदा वाचली.

"आता याआधीचे रुग्ण लिहा," तो म्हणाला.