डॅनिकाच्या अंगाइतकं कोमट

मित्रांनो, मी एक जुना वॉटर बाथ आहे, म्हणजे कोमट पाण्याची पेटी. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात, एका लहान गावच्या इस्पितळात, रक्तपेढीच्या कोपऱ्यात मी राहतो. दगडासारखा गोठलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळसर द्रव, माणसाच्या अंगाइतक्या उबेत वितळवणं हे माझं काम. नवा होतो तेव्हा सगळे माझं कौतुक करायचे. पुढे मला 'म्हातारा' म्हणू लागले, माझ्या झाकणावर डोनटचे खोके ठेवू लागले. मला वाईट वाटायचं. रक्तपेढीत काम करणारी एकटी लुबा तेवढी रोज माझं पाणी बदलायची आणि तापमान तपासायची.

एका दुपारी डॅनिका बाळंतपणाला आली. बाळाला पोसणारी वार वेळेआधीच सुटली होती. त्यामुळे तिचं रक्त अंगभर जागोजागी बारीक बारीक गोठत गेलं आणि रक्त गोठवणारा सगळा माल त्यातच संपला. मग साध्या सुईच्या भोकातूनही रक्त थांबेना. डॉक्टरांनी आधी मूळ कारणालाच हात घातला. शस्त्रक्रिया करून त्यांनी बाळ आणि वार बाहेर काढली. बाळ रडलं. आईचं रक्त मात्र वाहतच होतं. संपलेला माल तिला परत हवा होता. तो प्लाझ्मात असतो, आणि प्लाझ्मा माझ्या पाण्यात वितळत होता.

नर्स ग्लेंडा धावत आली. "अगं लुबा, वाढव ना याची आच! पोरगी हातची जाईल!"

"आच वाढवली तर प्लाझ्मा शिजेल. तिला काय उकडलेलं अंडं चढवणार आहेस?"

"मग हा म्हातारा करतोय तरी काय इतका वेळ?"

"त्याचं काम करतोय. जरा दम धर."

लुबा बोलली शांतपणे, पण माझं तापमान तिने पुन्हा पुन्हा तपासलं. माझाही जीव टांगणीला लागला होता. अखेर प्लाझ्माच्या पिशव्या मऊ झाल्या आणि ग्लेंडा त्या घेऊन पळाली. लुबा लगेच पुढच्या पिशव्या सोडत राहिली. संध्याकाळी निरोप आला: रक्त थांबलं, पोरगी बाळाला मागतेय. लुबा खुर्चीत बसली आणि हमसून हमसून रडली.

पुढे एकदा डॅनिका बाळाला कडेवर घेऊन दालचिनीचे बन द्यायला आली. "हाच का तो?" म्हणत तिने सरळ माझ्या पाण्यात हात घातला. "अगं बाई, एवढंच कोमट?"

"तुझ्या अंगाइतकं! आणि काढ तो हात, सगळं पाणी बदलावं लागणार आता!" लुबा ओरडली आणि तिने डॅनिकाला घट्ट मिठी मारली.

मित्रांनो, मला शाबासकी नको. माझं पाणी बदलत जा, तापमान तपासत जा. आणि मोठे झालात की रक्त द्या. मी फक्त वितळवतो. त्या दुपारी माझ्याजवळ वितळवायला काही होतं, कारण डॅनिकाला कधीही न भेटलेलं कुणीतरी ते आधीच देऊन गेलं होतं.