आईच्या शेजारची जागा

आईने बाबांचं लाल जॅकेट घातलं होतं. बाह्या दुमडलेल्या, खाली मांड्यांपर्यंत लोंबणारं.

"तुझं निळं कुठंय?" गाडीतून उतरताच मी विचारलं.

"घरी. याच्या खिशात संत्री मावतात."

बाबा शरदात गेले. दर हिवाळ्यात एका शनिवारी आम्ही सगळे गावच्या या टेकडीवर स्कीइंगला येतो. एकच लिफ्ट, एकच उतार, आणि पायथ्याच्या लाकडी खोलीत वॅफल भाजणारी गावचीच माणसं. आज वॅफल भाजायची पाळी आमच्या घराची होती, म्हणून माझा नवरा आयविन तिथे अडकला. टिरिल आणि ब्रागे, माझी मुलं, केव्हाच रांगेत पुढे पळाली होती. उरलो आम्ही दोघी.

आईला एकदाच माथ्यावर जायचं होतं. तिथल्या पाइनखाली बर्फात बसून ती आणि बाबा दरवर्षी एक संत्रं अर्धं अर्धं खात. ते तिला यंदाही खायचं होतं. गाडीत तिने हे पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि आता रांगेतल्या परक्या माणसांनाही सांगू लागली.

"टोरलाइव गेला हो माझा," ती पुढच्या बाईला म्हणाली. "हे त्याचंच जॅकेट. हात लावून बघा, किती उबदार आहे."

बाईने दोन बोटं लावली आणि स्वतःच्या बुटांकडे पाहत राहिली. आमच्याकडे दुःख असं रांगेत काढून दाखवत नाहीत. मी हळूच थोडी मागे राहिले.

आमच्या लिफ्टला खुर्च्या नाहीत. वर फिरणाऱ्या तारेला जहाजाच्या नांगरासारख्या दांड्या लोंबतात. त्यांना आम्ही नांगरच म्हणतो. दोघांनी शेजारी उभं राहायचं, आडवी दांडी मांड्यांमागे घ्यायची आणि ती ओढेल तसं बर्फावरून घसरत वर जायचं. दांडीवर बसायचं मात्र नाही. बसलात की पडलात.

"काय गं सोलरुन, आईबरोबर नाही जात?" लिफ्टवरचे ओड्मुंडकाका म्हणाले.

"ती जाईल एकटी. जन्मभर जातेय की."

"तेही खरं." त्यांनी आईच्या हातात नांगर दिला. "बोर्गहिल्ड, पडलीस तर वॅफल बंद!"

"तू आधी टोपी सरळ कर," आई म्हणाली आणि निघाली.

माझ्या शेजारी शहरातून आलेला, नवंकोरं हेल्मेट घातलेला एक माणूस आला. अर्ध्या वाटेवर मी पाहिलं, आई दांडीवर बसली. दांडी तिच्याखालून निसटून उसळत वर गेली आणि आई वाटेतच आडवी झाली, पायांतल्या स्की एकमेकींत अडकलेल्या. संत्री घरंगळत आमच्या दिशेने येऊ लागली.

"अरेरे, ही म्हातारी!" तो माणूस म्हणाला. "एवढ्या वयाच्या बाईला एकटं सोडतात? घरची माणसं आहेत तरी कसली!"

मी दांडी सोडून बाजूला होऊ शकले असते. लहान पोरांनाही ते जमतं. मी समोरच्या झाडांच्या शेंड्यांकडे पाहिलं.

"खरंच," मी म्हणाले.

आईने रांगत, पाय ओढत आमची वाट मोकळी केली. "माफ करा हं," ती खाली मान घालूनच आम्हा दोघांना म्हणाली. मग तिने मान वर केली. तोवर आम्ही तिच्या शेजारून पुढे निघालो होतो.

माथ्यावर मुलं थांबली होती. "आजी कुठे?"

"पडली. खाली आहे."

"आणि तू थांबली नाहीस?" टिरिल म्हणाली.

"मध्येच थांबता येत नाही तिथे."

"येतं की. मी ब्रागेसाठी थांबले होते."

तो माणूस जवळच हातमोजे चढवत होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो उतारावरून खाली निघून गेला.

मी खाली आले तेव्हा आई वाटेच्या कडेला उभी होती, एक संत्रं बाहीला पुसत. मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "तुझ्या चष्म्यावर वाफ धरली असेल."

"हो," मी म्हणाले.

तिने हातमोजा काढला आणि अंगठ्याने माझा चष्मा पुसला. काचा कोरड्या होत्या.

पायथ्याशी पोचल्यावर ती म्हणाली, "मला नाही जमायचं आता. टोरलाइव असताना मी बसायचेच."

"दांडीवर?"

"हो मग. तो म्हणायचा, तू बस, मी आहे."

मी तिच्या शेजारी उभी राहिले. ओड्मुंडकाकांनी या वेळी थट्टा केली नाही. मी बाबांसारखीच उंच. दांडी माझ्या मांड्यांना टेकली तर आईच्या पाठीत रुतत होती. ती तिच्यापर्यंत खाली यावी म्हणून मला दोन्ही गुडघे वाकवावे लागले. तशी आई बसली, आणि तिचा सगळा भार माझ्यावर आला.

लहानपणापासून मागच्या नांगरावरून मी बाबांची ती अर्धवट वाकलेली पाठ पाहत आले होते. मला वाटायचं, त्यांना नीट उभं राहता येत नाही.

"डुलू नकोस," आई म्हणाली. "तुझे बाबा अजिबात डुलायचे नाहीत."

ती पडली होती ती जागा आली. बर्फात खळगा होता, शेजारी एक संत्रं. माझे गुडघे सरळ होऊ पाहत होते.

"आई, काचांवर वाफ नव्हती."

"माहीत आहे मला," ती समोर पाहत म्हणाली. "गुडघे वाकव. अजून बरंच वर जायचंय."