बारावर एक

"प्रत्येक खोक्यात किती घातले होते?" मी विचारलं.

"तेरा," आत्या म्हणाली. "बारा, आणि वर एक. तीस वर्षं तसेच घालतेय."

मालकाने कपाळाला हात लावला. ती त्याची सख्खी आत्या, पण बुटांच्या ब्रशांच्या त्या कारखान्यात सगळ्यांचीच आत्या. नवरा गेल्यावर भावाकडे आली, पॅकिंगच्या खोलीत बसली आणि तिथलीच झाली. पुढे भाऊ गेला, भाचा मालक झाला, तरी आत्याची जागा हलली नाही.

"पण वर एक कशाला?"

"एखाद्याचे केस गळाले तर गिऱ्हाइकाला परत यायला नको. भाऊ म्हणायचा, लांबच्याला तर नक्की घाल. आणि हे तर समुद्रापलीकडचे."

समुद्रापलीकडच्या कस्टमवाल्यांनी खोकी उघडून मोजली होती. कागदावर बारा, खोक्यात तेरा. न सांगता आणलेला माल म्हणून सगळी खेप बंदरात अडकली आणि खरेदीदाराने ऑर्डर रद्द केली. पुन्हा तिथे माल पाठवायचा असेल तर आठ दिवसांत खरेदीदाराला लेखी खुलासा द्यायचा होता.

अशा लहान कारखान्यांना परदेशी बाजारात पोचवणं हे माझं काम. लेबल कसं असावं, मेल कसा लिहावा, सगळं मी शिकवायचो. माझ्या तपासणीच्या यादीत 'पॅकिंग प्रत्यक्ष पाहिले' असाही एक रकाना होता. त्यापुढे मी बरोबरची खूण केली होती, मालकाच्या खोलीत चहा पिता पिता. पॅकिंगची खोली तिथून दहा पावलांवर होती. हे मी त्या दिवशीही बोललो नाही. उलट आत्यालाच म्हणालो, "निदान विचारायचं तरी." चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

"कुणाला विचारणार? तुम्ही कधी आत आलातच नाही." तिने टोमणा मारला नव्हता, म्हणून जास्तच लागलं.

खुलासा मीच लिहिला. 'एका बेजबाबदार कामगाराकडून ही चूक झाली. तिला कामावरून काढण्यात आले असून आवारात प्रवेश बंद करण्यात आला आहे.'

"कागदापुरतंच ना?" मालकाने विचारलं.

"ते लोक बघायला येणार आहेत. कागद खोटा ठरला तर संपलंच."

तो खाली बघत राहिला. चौदा जणांची पोटं त्या कारखान्यावर होती, हे खरं. माझीही नोकरी होती, हेही खरं.

आत्याने कागद वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला.

"ते बेजबाबदार तेवढं खोडा," ती म्हणाली. "बाकीचं राहू दे."

"त्यांना तसंच लिहिलेलं लागतं, आत्या."

ही थाप होती. तो शब्द नसता तरी चाललं असतं. पण मग पॅकिंग कुणी तपासलं होतं, असं कुणीतरी विचारलं असतं. मला स्वतःची लाज वाटली, तरी शब्द मी खोडला नाही. चुकीची कबुली म्हणून आत्याने कागदाखाली सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.

"उद्यापासून केस ओढून कोण बघेल?" तिने भाच्याला विचारलं.

महिन्याभराने खरेदीदाराकडचे दोन पाहुणे आले. खोकी उघडून मोजली, प्रत्येकात बारा. खूश झाले. मग लाकूड वाळवायची गच्ची बघायला निघाले. कारखान्यावरच मालकाचं घर, आणि गच्चीच्या जिन्यालगत आत्याची खोली. आज बाहेर येऊ नकोस, असं त्याने तिला सकाळीच सांगून ठेवलं होतं.

बंद दारापाशी एक पाहुणा थांबला. "इथे कोण राहतं?"

मालकाने माझ्याकडे पाहिलं.

"कुणी नाही," मी म्हणालो. "रिकामी खोली आहे."

ते जिना चढू लागले. मी सगळ्यांच्या मागे होतो. दारापलीकडे खोकल्याची उबळ आली आणि लगेच कापडात दबली. आम्ही सगळे गच्चीवर पोचेपर्यंत आत्याने ती तशीच दाबून धरली.