असिलतेचा डावा डोळा

सोमवारी संध्याकाळपासून टीना डाव्या बाजूचे केस चेहऱ्यावर ओढून वावरू लागली. बुधवारपर्यंत घरात ते कोणाच्या लक्षात आले नाही. दिवाळी होऊन गेली होती, आसगावात धानाची कापणी जोरात होती आणि घरातली मोठी माणसे उजाडताच शेतात जात होती.

टीना सातवीत होती. शाळेच्या कपाटात 'असिलतेच्या मोहिमा' या मालिकेचे सहा भाग होते आणि त्यांतले चार तिने वाचून काढले होते. असिलता डाव्या हाताने तलवार चालवायची. दिव्याची वात कापायची, पण ज्योत विझू द्यायची नाही. दगडाच्या राक्षसांशी लढताना ती त्यांच्या सांध्यांवर वार करायची, कारण दगड तिथेच फुटतो. हे सगळे टीना तुराटीची काडी घेऊन शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, करून पाहायची. महिन्याभरापूर्वी असेच लढताना तिने एका बांधीतल्या, धानाच्या वाफ्यातल्या, उभ्या पिकाचा कोपरा आडवा केला होता. तेव्हा वडिलांनी, कैलाशने, सांगितले होते, "पुन्हा धानात काठी घेऊन दिसली, तं तुही पुस्तकं चुलीत जातीन."

सोमवारी राक्षसाचा वार चुकवताना ती धानात तोंडावर पडली आणि एक लोंब सरळ डोळ्यात गेली. पाण्याने डोळा धुऊन ती घरी आली आणि कोणाला काही बोलली नाही.

बुधवारी वेणी घालताना आईने, चंद्रकलाने, केस मागे ओढले आणि तिचा हात थांबला. डोळा लालभडक होता, पापणी सुजली होती. कधी लागले, कसे लागले, असे तिने दोन-तीनदा विचारले. 

"बाबाले सांगू नोको," एवढेच ती म्हणाली.

कैलाश वाईट माणूस नव्हता. तो दारू पीत नसे, बायकोमुलीवर हात उगारत नसे. पण त्याच्या पायांचा आवाज आला की घरातले बोलणे थांबे. काही सांडले, फुटले, हरवले की तो "कोणी केलं?" असे विचारी. कपबशी फुटली तर तुकडे गुपचूप उकिरड्यावर जात. तसाच हा डोळाही लपवायचे ठरले.

उपाय टीनाच्या आजीने, चंद्रभागाबाईने, काढला. मागच्या वर्षी तिचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. तेव्हाच्या थेंबांची बाटली देवळीत अर्धी उरली होती. डोळ्याला लय थंड वाटते, असे म्हणून तिने स्वतःच्या हाताने नातीच्या डोळ्यात दोन थेंब घातले. गुरुवारी लाली उतरली. दोघी सासू-सुनांनी सुटकेचा निःश्वास टाकला. संध्याकाळी कैलाश जेवत असताना टीना त्याच्या डावीकडे बसली, म्हणजे त्याला तिचा चांगला डोळाच दिसेल.

शुक्रवारी सकाळी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तांदळाच्या कणीएवढा. टीनाला उजेड सहन होईना. ती गोधडीत तोंड खुपसून पडली. चंद्रकला दिवसभर तीनच गोष्टींचा हिशेब करत होती: नवऱ्याला न सांगता भंडाऱ्याला कसे जायचे, कोणाबरोबर जायचे, परत आल्यावर काय सांगायचे. उत्तर सापडले नाही. शनिवारी ठिपका दुप्पट झाला होता. टीनाने डावीकडे पाहून विचारले, "आई, इथं अंधार काहून आहे?"

चंद्रकला तशीच शेतात गेली. कैलाश भारे बांधत होता. पदराला हात पुसत तिने सगळे एका दमात सांगितले: खेळ, लोंब, थेंब, ठिपका. त्याचा चेहरा तापलेला तिने पाहिला, तरी ती मागे सरली नाही.

"कोणत्या बांधीत खेळत होती?" त्याने विचारले.

"बांधी गेली चुलीत! पोरीले दिसून नाही राहिलं."

लग्नाच्या सोळा वर्षांत ती त्याच्याशी असे पहिल्यांदा बोलली होती. कैलाशने दोरी टाकली आणि मोटारसायकल काढली.

भंडाऱ्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून बराच वेळ पाहिले. मग डोळ्यात आतापर्यंत काय काय घातले, ते त्यांनी विचारले. चंद्रकलाने पदराच्या गाठीतून बाटली काढून दिली. डॉक्टरीणबाईंनी ती उलटीपालटी केली. धानाबरोबर डोळ्यात बुरशी गेली आहे, त्या म्हणाल्या. हे थेंब सूज उतरवतात, म्हणून लाली गेली. पण बुरशीला त्यांनी रान मोकळे करून दिले. आता दर तासाला औषध घालावे लागेल. बुरशी आत उतरली, तर डोळा वाचेल की नाही हे सांगता येणार नाही.

कैलाशला दोषी सापडला होता. त्या पुस्तकांनी पोरगी बिघडवली, असे तो म्हणाला. बायकोने लपवले, म्हातारीने भलतेच थेंब घातले, असेही म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी त्याला पुरते बोलू दिले.

"लोंब पुस्तकामुळे लागली असेल," त्या म्हणाल्या. "शेतात कामं करताना मोठ्यांनाही लागते, रोज पेशंट येतात. पण हिचे पाच दिवस कशामुळे गेले? पहिल्या दिवशी आणली असती, तर आज मला असं बोलावं लागलं नसतं. तुमच्या घरात तीन जणींना माहीत होतं, दादा. तुम्हालाच का नव्हतं?"

 स्टुलावर बसलेल्या टीनाने उत्तर दिले, "बाबा रागावले असते."

ती तक्रार नव्हती. उद्या शाळा आहे, असे सांगावे तसे ते तिने सांगितले.

टीनाला दाखल करून घेतले. चंद्रकला कापणीसाठी गावी परतली आणि कैलाश दवाखान्यात राहिला. दर तासाला मोबाइलचा गजर वाजे, तो थेंब घाली. टीनाला वाचायची मनाई होती. तिसऱ्या दिवशी तिने असिलतेचा पाचवा भाग वाचून दाखवायला सांगितला. घरून येताना आईने तो पिशवीत टाकला होता. कैलाश ओळीखाली बोट ठेवून, अडखळत वाचू लागला. खिंडीतल्या लढाईआधी असिलता आपल्या शिपायांना गोळा करते आणि सांगते, 'ज्याला लागेल त्याने आधी ओरडायचे. जखम लपवणारा शिपाई मला नको.'

कैलाशचे बोट तिथेच थांबले. "तुह्या असिलतेनंच सांगितलं पाह्य. तू तं तिचं सगळं करते. मंग तू काहून नाही ओरडली?"

टीनाने थोडा विचार केला. "तिचे शिपाई तिले भेत नव्हते, बाबा."

"अन् तू मले भेते?"

"सगळेच भेतो. आजी बी."

कैलाशला पुढची ओळ दिसेना. स्वतःच्या आईने आपल्याला भ्यावे! गजर वाजला, तेव्हा त्याने पुस्तक उघडेच खाली ठेवले आणि थेंब घातले.

टीनाचा डोळा वाचला. बुबुळावर पांढरा डाग राहिला आणि त्या डोळ्याने धूसर दिसते. पुढे शस्त्रक्रिया करून पाहू, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत.

जानेवारीत टीनाच्या हातून कैलाशचा मोबाइल न्हाणीच्या दगडावर पडला. काच फुटली. ती तो उचलून सरळ अंगणात, त्याच्यासमोर आली आणि काय झाले ते सांगितले. चुलीपाशी चंद्रकलाचा हात थांबला. कैलाशने तोंड उघडले आणि मिटले.

"काच लागली का कुठं? दाखव हात."

हात नीट उलटून पाहिल्यावर तो मोबाइलसाठी रागावला, चांगलाच रागावला. टीना मान खाली घालून ऐकत होती, पण जागची हलली नाही.

वाचकहो, लेकरांना वळण लावावेच लागते, पण राग नंतर आला पाहिजे. घरात काही पडल्याचा आवाज झाला की आधी विचारा, लागलं का? काय मोडलं, ते नंतर विचारता येते. ज्या घरात माणसाआधी वस्तूची चौकशी होते, त्या घरात जखमा लपवल्या जातात, आणि लपवलेली जखम वाट पाहत थांबत नाही.